हाडवैद्याची शाळा आणि सरांचा प्रश्न

आमच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणारे सर आता ऐंशीच्या घरात आहेत. निवृत्त होऊन वीस-बावीस वर्षे झाली, पण त्यांची एक सवय काही गेलेली नाही. वर्गात कोणी काही ठामपणे सांगितले की सर चष्मा कपाळावर चढवीत आणि शांतपणे विचारीत, "हे तुला कुठून कळले?" या एका प्रश्नाने आमच्या वर्गातल्या अनेक हुशार मुलांची तोंडे बंद झालेली मी पाहिली आहेत. माझेही झाले होते. आणि गेल्या वर्षी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते पुन्हा एकदा झाले. त्याचीच ही हकिकत.

उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या एका संध्याकाळी सर घरी आले. त्यांचा मुलगा बरीच वर्षे अमेरिकेत आहे. त्याची मुलगी तेथे पदवीधर झाली आणि तिला वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. खरे तर पेढे घेऊन यायचे, पण सर काळजीत दिसले.

"अरे, तिला एम.डी. नाही, डी.ओ. पदवी मिळणार म्हणे. ऑस्टिओपॅथी. कोशात पाहिले तर हाडांचे काहीतरी दिसते. आपल्याकडे हाडवैद्य असतो, तसले काही आहे का रे हे? चार वर्षे कर्ज काढून पोरगी हाडवैद्य होणार?"

मी हातातला चहाचा कप खालीदेखील न ठेवता उत्तर दिले, "सर, ते काही खरे वैद्यकीय महाविद्यालय नव्हे. मणके दाबून रोग बरे करण्याचा प्रकार आहे तो."

सरांनी तेच फोनवर मुलाला सांगितले. नातीने दोन दिवस आजोबांचा फोन घेतला नाही. आठवड्याने सर पुन्हा आले, खुर्चीवर बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "तू परवा मला जे सांगितलेस, ते तुला कुठून कळले?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. कुठेतरी कानावर पडले होते, एवढेच.

त्यानंतरचे दोन-तीन महिने मी या विषयावर मिळेल ते वाचले. मी पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक, वैद्यकाचा नव्हे. तरी जे हाती लागले त्यावरून माझे मत बनले आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. डी.ओ. पदवी देणारी पहिली शाळा एका चुकीच्या सिद्धान्तावर उभी राहिली. आज ती खरे डॉक्टर घडवते, कारण तो सिद्धान्त तिने हळूहळू, कुरकुरत का होईना, बाजूला ठेवला. मात्र त्याचा एक कोपरा तिने अजून जपून ठेवला आहे आणि त्याबद्दल माझे तिच्याशी भांडण आहे.

ही शाळा अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल या छोट्या गावी १८९२ साली निघाली. नाव होते अमेरिकन स्कूल ऑफ ऑस्टिओपॅथी. तिचे संस्थापक अँड्र्यू टेलर स्टिल. यांचा जन्म १८२८ सालचा, व्हर्जिनिया राज्यातला. वडील धर्मोपदेशक आणि वैद्य असे दोन्ही होते. मुलगा वडिलांच्या हाताखाली राहून वैद्यकी शिकला. त्या काळी अमेरिकेच्या सरहद्दीवर डॉक्टर बहुधा असेच तयार होत, त्यामुळे यात कोणाला वावगे वाटत नसे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात स्टिल गुलामगिरीच्या विरुद्ध लढणाऱ्या उत्तरेच्या बाजूने होते.

युद्ध चालू असतानाच १८६४ साली त्यांच्या घरावर आघात झाला. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या आवरणांना सूज आणणाऱ्या तापाच्या साथीत घरातली तीन मुले काही दिवसांत दगावली. डॉक्टर आले, औषधे दिली गेली, उपयोग शून्य. स्वतः वैद्य असलेल्या बापाला हे किती लागले असेल याची कल्पना आपण करू शकतो. औषधांवरचा त्यांचा विश्वास त्या वेळी उडाला तो कायमचा.

आता येथे थोडे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. स्टिल ज्या औषधांवर रागावले ती आजची औषधे नव्हेत. त्या काळी सर्रास दिले जाणारे एक औषध म्हणजे कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचे क्लोराइड. ते इतक्या मात्रेत देत की रोग्याच्या तोंडातून लाळ गळू लागे, हिरड्या सडत, दात पडत. लाळ गळू लागली म्हणजे औषध लागू पडले असे समजत! त्याच्या जोडीला अफू, मद्य आणि नसा उघडून रक्त काढणे. रोग जंतूंमुळे होतात हे अजून सिद्ध व्हायचे होते. कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला तो १८८२ मध्ये. ज्या तापाने स्टिल यांची मुले गेली त्याचा जंतू सापडला १८८७ मध्ये. तेव्हा १८६४ साली एखादा माणूस 'ही औषधे रोग्याला मारतात' असे म्हणाला असेल, तर तो वेडा नव्हता. पुष्कळ वेळा तो बरोबरच होता.

चूक पुढच्या पायरीवर झाली. 'ही औषधे वाईट' येथून 'औषधेच वाईट' येथे स्टिल पोहोचले. मग रोगाचे कारण काय? त्यांना हाडांचे वेड होते. शरीररचना शिकण्यासाठी त्यांनी आदिवासी इंडियन लोकांची थडगी उकरून प्रेते काढली, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ज्यांची ती थडगी होती त्यांना कोणी विचारले नव्हते. विज्ञानाच्या नावाखाली झालेल्या अशा गोष्टी आज वाचताना मान खाली जाते, आणि त्या झाकून ठेवू नयेत असे मला वाटते. या अभ्यासातून त्यांनी सिद्धान्त बसवला तो असा: शरीर हे एक यंत्र आहे. हाडे, विशेषतः कण्याचे मणके, जागचे किंचित सरकले की रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांच्यावर दाब येतो, रक्ताचा प्रवाह अडतो आणि रोग होतो. हाताने हाड जागी बसवा, प्रवाह मोकळा करा, शरीर स्वतःच स्वतःला बरे करील. २२ जून १८७४ हा दिवस या विचाराचा जन्मदिवस म्हणून स्टिल सांगत असत.

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हा सिद्धान्त क्षणभर मोह पाडतो, हे कबूल केले पाहिजे. नळी दबली, प्रवाह घटला, दाब काढला, प्रवाह वाढला. सगळे कसे स्वच्छ! पण एकाच कारणाने सगळे रोग समजावून सांगणारा सिद्धान्त भेटला की पाकीट सांभाळावे. कॉलरा, मधुमेह, घटसर्प आणि मुरगळलेली पाठ यांचे मूळ एकच असेल, असे मानायला काय पुरावा होता? 'रोगी बरे झाले' हाच. आणि रोगी खरोखर येत होते. स्टिल काही काळ 'विजेच्या वेगाने हाडे बसवणारा' अशी जाहिरात करीत गावोगाव फिरले, आणि पुढे कर्क्सव्हिलला आगगाड्या भरून रोगी येऊ लागले. पाठदुखी, मानदुखी, निखळलेला खांदा अशा तक्रारींत कुशल हातांनी आराम पडतो यात नवल नाही. शिवाय पुष्कळसे आजार काही न करताही बरे होतात, आणि कॅलोमेल न घेतल्यामुळे तर जरा लवकरच होत असतील.

दोन खोल्यांच्या एका लाकडी घरात पहिला वर्ग भरला. विद्यार्थी वीस-एकवीस, त्यांत स्टिल यांची स्वतःची मुले होती आणि स्त्रियाही होत्या. १८९२ साल आणि वैद्यकाच्या वर्गात स्त्रिया, ही त्या वेळी अमेरिकेतही सर्रास आढळणारी गोष्ट नव्हती. ते घर आजही तेथील संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. शरीररचना शिकवायला विल्यम स्मिथ नावाचे डॉक्टर मिळाले. हे एडिंबरोला शिकलेले. कर्क्सव्हिलला ते कामानिमित्त आले, स्टिल यांची गाठ पडली आणि सौदा ठरला: तुम्ही मला तुमची विद्या शिकवा, मी तुमच्या विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवतो. शाळेला मिळालेल्या सनदेप्रमाणे एम.डी. पदवी देता आली असती. स्टिल यांनी ती मुद्दाम नाकारली आणि डी.ओ. ही वेगळी अक्षरे निवडली. सरांच्या घरातल्या गोंधळाचे मूळ हे असे सव्वाशे वर्षांहून जुने आहे.

स्मिथ यांच्याबद्दल मला आपुलकी वाटते, त्याचे कारण माझ्या विषयातले आहे. राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले १८९५ च्या नोव्हेंबरात. त्यानंतर तीनच वर्षांत या आडगावच्या शाळेत क्ष-किरण यंत्र आले, आणि स्मिथ यांनी मृतदेहाच्या धमन्यांत क्ष-किरणांना अडवणारे द्रव्य भरून रक्तवाहिन्यांचे जाळे काचेवर उतरवले. आता विचार करा. ज्या शाळेचा सिद्धान्त 'हाड सरकते आणि धमनी दबते' असा, तिच्या हाती हाड आणि धमनी दोन्ही दाखवणारे यंत्र आले! सिद्धान्ताला याहून चांगली कसोटी कोणती? पण स्टिल म्हणत तसे सरकलेले मणके आणि त्यांच्यामुळे झालेले शेकडो रोग, यांची सांगड क्ष-किरणांच्या चित्रांत बसली नाही. पुढे या पंथाने शब्द बदलले. 'जागचे सरकलेले हाड' ऐवजी 'स्नायू-सांध्यांच्या कार्यातील बिघाड' असे म्हणू लागले. याचे दोन अर्थ लावता येतात. पुराव्यापुढे मान तुकवली, असा एक. चिमटीत सापडू नये म्हणून सिद्धान्त अधिक निसरडा केला, असा दुसरा. मला वाटते, दोन्ही थोडे थोडे खरे आहेत.

खरी अडचण आली ती दुसऱ्याच दिशेने. औषधे सुधारली! १८९० नंतर घटसर्पावर घोड्याच्या रक्तापासून केलेले प्रतिविष निघाले आणि गुदमरून मरणारी मुले वाचू लागली. १९२२ मध्ये मधुमेहाच्या रोग्याला इन्सुलिन मिळाले. १९३० नंतरच्या दशकात सल्फा औषधे आली. 'औषध नको' हे ब्रीद कॅलोमेलच्या जमान्यात रोग्याला वाचवणारे होते, तेच आता रोग्याला मारणारे ठरू लागले. वाक्य तेच, त्याच्या आजूबाजूचे जग बदलले.

मध्यंतरी १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांचा प्रसिद्ध अहवाल आला होता. त्यांनी अमेरिका आणि कॅनडा येथील १५५ वैद्यकीय शाळा पाहिल्या. त्यांत ऑस्टिओपॅथीच्या आठ होत्या. फ्लेक्सनर यांनी त्यांची कडक शब्दांत हजेरी घेतली: प्रयोगशाळा नाममात्र, प्रवेशाला धड पात्रता नाही, लक्ष शिक्षणापेक्षा फीवर. एम.डी. देणाऱ्या अनेक शाळांचीही त्यांनी अशीच सालटी काढली, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. या फ्लेक्सनर यांचे थोरले बंधू सायमन हे मोठे संशोधक. मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या त्याच तापावर, ज्याने स्टिल यांची मुले नेली, त्यांनी १९०७ च्या सुमारास घोड्याच्या रक्तापासून प्रतिद्रव्य तयार केले आणि मृत्यूंचे प्रमाण खाली आणले. ज्या बापाने 'याला औषध नाही' म्हणून वेगळी वाट धरली, त्याच्या हयातीतच औषध निघाले होते. स्टिल १९१७ साली, एकोणनव्वदाव्या वर्षी वारले. शेवटपर्यंत त्यांचे मत बदलले नाही.

दुसऱ्याच वर्षी इन्फ्लुएंझाची महासाथ आली. ऑस्टिओपॅथीच्या डॉक्टरांनी नंतर जाहीर केले की आमच्या रोग्यांतले मृत्यू इतरांच्या मानाने फारच थोडे होते. हा दावा आजही कोठे कोठे अभिमानाने सांगितला जातो. पण तो आकडा आला कसा? डॉक्टरांना प्रश्नपत्रिका पाठवून, त्यांनीच दिलेल्या उत्तरांवरून. ज्याचे रोगी जास्त दगावले त्याने उत्तर पाठवले असेल का? अत्यवस्थ रोगी मुळात इस्पितळात गेले असतील की यांच्याकडे? मित्रहो, परीक्षेत ज्यांना चांगले गुण मिळाले त्यांनीच हात वर करा असे सांगून वर्गाची सरासरी काढली, तर ती कशी येईल? तशातली ही गत.

फ्लेक्सनर यांच्या अहवालानंतर होमिओपॅथी आणि वनस्पती-औषधांच्या बहुतेक शाळा अमेरिकेतून एक तर बंद पडल्या किंवा साध्या वैद्यकीय शाळा बनल्या. ऑस्टिओपॅथीच्या शाळा मात्र आपले नाव राखून टिकल्या. हे कशामुळे झाले? माझे उत्तर असे की त्यांनी संस्थापकाचा फोटो भिंतीवर ठेवला आणि अभ्यासक्रम बदलला. शस्त्रक्रिया आणि प्रसूतिशास्त्र शिकवणे आधीच सुरू झाले होते. १९२९ मध्ये त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने औषधोपचार शिकवायला मान्यता दिली. संस्थापक वारल्यावर अवघ्या बारा वर्षांनी, त्यांच्या मुख्य आज्ञेविरुद्ध! आपल्याकडे एखाद्या संस्थेने एवढे धाडस केले असते का, याचा मी कधी कधी विचार करतो. प्रवेशाची पात्रता वाढली, प्रयोगशाळा आल्या. १९४५ पासून आयर्विन कॉर यांच्यासारखे शरीरक्रियाशास्त्राचे रीतसर शिकलेले संशोधक कर्क्सव्हिलला काम करू लागले.

बाहेरच्या जगाने त्यांना आत घ्यायला मात्र वेळ लावला. १८९६ मध्ये व्हर्मांट राज्याने प्रथम त्यांना व्यवसायाची परवानगी दिली. सर्व राज्यांत पूर्ण अधिकार मिळायला १९७३ साल उजाडले. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने त्यांना डॉक्टर म्हणून घेतले नाही. ती दारे १९६६ मध्ये उघडली. त्याआधी कॅलिफोर्नियात तर एक गंमतच झाली. १९६२ साली तेथे दोन्ही पंथांचे विलीनीकरण ठरले. सुमारे दोन हजार डी.ओ. डॉक्टरांनी ६५ डॉलर भरले, थोडीशी औपचारिकता पार पाडली आणि त्यांना एम.डी. पदवी देण्यात आली. काल डी.ओ. असलेला माणूस आज एम.डी. झाला. डोक्यातले ज्ञान तेच, हात तेच, रोगी तेच. दोन पदव्यांतला फरक त्या वेळेपर्यंत किती उरला होता याचा याहून चांगला प्रयोग ठरवून करता आला नसता. मी सरांना 'ते खरे वैद्यकीय महाविद्यालय नव्हे' असे सांगितले, तेव्हा मी निदान साठ वर्षे मागे होतो.

आज या मूळ शाळेचे नाव ए. टी. स्टिल विद्यापीठ असे आहे. कर्क्सव्हिलचे जुने महाविद्यालय चालू आहेच, शिवाय ॲरिझोना राज्यात मेसा येथे दुसरे वैद्यकीय महाविद्यालय २००७ मध्ये सुरू झाले. दंतवैद्यक, शारीरिक उपचार, श्रवणदोष-चिकित्सा, सार्वजनिक आरोग्य असे इतर अभ्यासक्रमही आहेत. त्यांची यादी देत बसत नाही. डी.ओ.चा अभ्यासक्रम चार वर्षांचा, तोही साधी पदवी घेतल्यानंतर. शरीररचना, जीवरसायन, औषधिशास्त्र, विकृतिशास्त्र, मग इस्पितळांतले प्रत्यक्ष शिक्षण, हे सारे एम.डी.सारखेच. त्याखेरीज हाताने तपासण्याचे आणि उपचार करण्याचे साधारण दोनशे तासांचे शिक्षण, हा वेगळा भाग. नंतर कोणत्या तरी शाखेत तीन किंवा अधिक वर्षे निवासी डॉक्टर म्हणून काम. २०२० पासून दोन्ही पदव्यांच्या लोकांसाठी या निवासी प्रशिक्षणाची मान्यता-व्यवस्था एकच झाली आहे. अमेरिकेतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा आज डी.ओ.च्या महाविद्यालयांत शिकतो. हृदयावर शस्त्रक्रिया करणारे डी.ओ. आहेत, बालरोगतज्ज्ञ आहेत, पण निम्म्याहून अधिक सामान्य, पहिल्या पायरीची वैद्यकी करतात, आणि खेड्यापाड्यांत जाण्याची परंपरा त्यांच्यात टिकून आहे.

मेसा येथील महाविद्यालयाची एक पद्धत मला फार आवडली. विद्यार्थी पहिले वर्ष महाविद्यालयात काढतात आणि दुसऱ्या वर्षापासून देशभर विखुरलेल्या सामाजिक आरोग्य केंद्रांत राहून शिकतात. ज्यांना डॉक्टरची फी परवडत नाही असे लोक जेथे येतात, ती ही केंद्रे. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्राचे तोंड विद्यार्थ्याला शिक्षण संपता संपता दिसते. तेथे पुस्तक आणि रोगी बरोबर चालतात. यावर आपल्या वैद्यकीय शिक्षकांनी जरूर विचार करावा.

नावाचा आणखी एक घोटाळा सांगायला हवा. वर लिहिले ते फक्त अमेरिकेत शिकून झालेल्या डी.ओ.बद्दल. स्टिल यांचे एक शिष्य लिटलजॉन यांनी १९१७ साली लंडनमध्ये शाळा काढली, आणि तिकडे ही विद्या वेगळ्या वाटेने गेली. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने ऑस्टिओपॅथ या व्यवसायाची नोंदणी होते, पण तो शस्त्रक्रिया करणारा, औषधे लिहून देणारा डॉक्टर नसतो. हाताने उपचार करणारा असतो. आपल्याकडेही मोठ्या शहरांत ऑस्टिओपॅथची पाटी दिसते. ती दिसली तर शिक्षण कुठे आणि काय झाले, हे विचारायला संकोच करू नये.

आता माझ्या भांडणाकडे येतो. त्या दोनशे तासांच्या हातोपचाराचे काय? पाठदुखीपुरते बोलायचे तर त्याची रीतसर परीक्षा झाली आहे. १९९९ मध्ये शिकागो परिसरातील एका अभ्यासात कंबरदुखीच्या १५५ रोग्यांचे दोन गट पाहिले. एकाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला हातोपचार. बारा आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारले होते, मात्र हातोपचाराच्या गटाला वेदनाशामक गोळ्या कमी लागल्या. २०२१ मध्ये फ्रान्समधील अभ्यास आणखी काटेकोर होता. ४०० रोगी घेतले, निम्म्यांना खरा हातोपचार आणि निम्म्यांना खोटा, म्हणजे नुसताच हलका स्पर्श. आपल्याला कोणता मिळतो आहे हे रोग्यांना सांगितले नव्हते. हालचालींतली अडचण मोजण्याच्या शंभर गुणांच्या मापावर दोन्ही गटांत फरक निघाला साडेतीन गुणांच्या आसपास. एवढा फरक रोग्याला जाणवेल की नाही याचीच शंका. म्हणजे उपयोग अगदी नाही असे नाही, पण थोडा. हे मी मान्य करतो, आणि 'थोडा' असे म्हणणारा डी.ओ. भेटला तर त्याच्याशी माझे भांडण नाही.

भांडण आहे ते कवटीबद्दल. कर्क्सव्हिललाच शिकलेल्या विल्यम सदरलँड यांना सुटी केलेली कवटी पाहून वाटले की कानाजवळच्या हाडांच्या तिरकस कडा माशाच्या कल्ल्यांसारख्या आहेत, तेव्हा ही हाडे हलत असली पाहिजेत. त्यातून १९३९ पर्यंत त्यांनी एक शास्त्र रचले: कवटीची हाडे मिनिटाला दहा-बारा वेळा एका लयीत हलतात, ती लय बोटांनी जाणवते आणि ती दुरुस्त केली की रोग बरे होतात. प्रौढ माणसाच्या कवटीचे सांधे वयाबरोबर घट्ट होत जातात, ही गोष्ट क्षणभर बाजूला ठेवू. लय आहे ना? मग मोजू या.

हा प्रयोग तुम्ही वर्गात करा. एका मुलाला बाकावर बसवा. एका मुलीने त्याच्या उजव्या मनगटाची नाडी धरावी, दुसऱ्या मुलाने डाव्या मनगटाची. तिसऱ्याने घड्याळ धरून एक मिनिट मोजावे. दोघांनी आपापला आकडा न बोलता चिठ्ठीवर लिहावा. चिठ्ठ्या उघडा. एक-दोन ठोक्यांचा फरक पडेल, फार तर तीन. मुले बदला, दहा वेळा करा. एकाचा आकडा ७२ आला की दुसऱ्याचाही त्याच्या आसपासच येईल, कारण मोजण्यासारखे काहीतरी तेथे खरोखर आहे.

नेमका असाच प्रयोग १९९८ मध्ये कवटीच्या लयीवर झाला. २८ माणसे घेतली. एका तपासनिसाचे हात डोक्यावर, त्याच वेळी दुसऱ्याचे पायांवर, कारण ही लय सर्व अंगभर जाणवते असा दावा आहे. दोघेही अनुभवी. त्यांचे आकडे जुळले नाहीत. जागा बदलल्या तरी नाहीत. दोघांनी एकाच माणसाची लय एकाच वेळी मोजली आणि दोन वेगळी उत्तरे आली, तर ते माणसाचे मोजमाप नव्हे, मोजणाऱ्याच्या मनाचे आहे. माझ्या प्रयोगशाळेत एखाद्या मुलाने लंबकाच्या आवर्तकालाची अशी वाचने आणली, तर मी त्याची वही परत करीन. आणि तरीही कवटीचा हा भाग डी.ओ. महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात आणि परीक्षांत आजही आहे. ज्या शाळांनी १९२९ मध्ये संस्थापकाची मुख्य आज्ञा मोडली, त्यांना हे एक प्रकरण काढून टाकणे जड का जावे? मला वाटते, बाकी सगळे एम.डी.सारखेच झाल्यावर वेगळेपणाची जी थोडी खूण उरते, ती कोणालाच सोडवत नाही. हे मी समजू शकतो. पटत मात्र नाही.

हे सारे मी सरांना सांगितले, आणि पहिल्या दिवशी जे बोललो त्याबद्दल त्यांची माफी मागितली. सर म्हणाले, "माफी माझी नको, तिची माग." मी फोनवर तिची माफी मागितली. मुलगी हसली आणि म्हणाली, "काका, तुम्ही एकटेच नाही, इथेही लोक असंच विचारतात."

मग सरांनी फोन हातात घेतला. कवटीचा तास कधी आहे ते विचारले, आणि तिला सांगितले की त्या तासाला एका मैत्रिणीला पायांशी बसव, दोघींनी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर आकडे लिहा आणि मला कळवा. तिला प्रवेश घेऊन आता काही महिने झाले. आकडे अजून आलेले नाहीत. सर दर रविवारी विचारतात.